भाड्याचे घर आणि धुण्याची सोय

या महिन्यात घरासंबंधी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे योगायोगाने एकाच वस्तूभोवती फिरणारी आहेत आणि ती वस्तू म्हणजे कपडे धुण्याचे मशीन. पहिले पत्र घर शोधणाऱ्या कुटुंबाचे, दुसरे घरमालकाचे आणि तिसरे करार संपत आलेल्या तरुणाचे आहे. पहिल्या पत्राच्या उत्तराने बरीच जागा घेतली आहे, कारण त्यात विचारलेल्या गोष्टी पुण्यात भाड्याचे घर पाहणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या उपयोगाच्या आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आम्ही नारायण पेठेत एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. घर दोन खोल्यांचे असून मोरी इतकी लहान आहे की तेथे मशीन ठेवण्याचा विचारही करता येत नाही. पतींचे कार्यालय हिंजवडीला आणि माझे डेक्कनला आहे. मुलगी दीड वर्षाची आहे. धुण्याच्या मावशींनी तीन जिने चढवत नाहीत म्हणून काम सोडले आणि तेव्हापासून रात्री दहानंतर आम्ही दोघे आळीपाळीने कपडे धुतो. मेंटेनन्स धरून २२ हजार रुपये भाडे आम्हाला झेपेल. एजंट दाखवतात त्यांपैकी मशीन असलेली घरे २७ हजारांच्या पुढे आहेत आणि आमच्या बेतातल्या घरांबद्दल ‘पॉइंट दिलेला आहे, मशीन तुमचे तुम्ही आणा’ असे सांगितले जाते. मशीनसाठी दरमहा ५ हजार जास्त द्यावेत का? हा पॉइंट नीट आहे की नाही हे आमच्यासारख्यांनी कसे ओळखावे? आणि घर कोणत्या भागात पाहावे?
— एक वाचक, नारायण पेठ

उत्तर : आधी ५ हजारांचा हिशेब करू. अकरा महिन्यांच्या करारात दरमहा ५ हजार म्हणजे ५५ हजार रुपये होतात आणि एवढ्या पैशांत सहा-सात किलोची साधी टॉप लोड मशिने दोन घेऊन वर दोऱ्या आणि चिमट्यांपुरते पैसे उरतील. शिवाय घरमालकाने दिलेले मशीन हे बहुधा त्यांच्या स्वतःच्या घरून निवृत्त होऊन आलेले असते आणि ते बंद पडले की दुरुस्तीला माणूस कोणी बोलवायचा यावर फोनाफोनी सुरू होते. मात्र ते ५ हजार केवळ मशीनचेच आहेत असे गृहीत धरू नये. त्या घरात कपाटे, लिफ्ट, विजेचा बॅकअप किंवा मोठी गॅलरी असू शकते. एजंटला सरळ विचारावे की, ‘मशीन उचलून नेले तर भाडे किती?’ भाडे पाचशे रुपयांनी उतरले, तर त्या घरात मशीनची किंमत पाचशेच आहे आणि उरलेले साडेचार हजार आपण दुसऱ्या कशासाठी तरी देणार आहात, हे उघड होते. मग ते दुसरे काही आपल्याला हवे आहे का, एवढेच ठरवायचे राहते.

माझे मत विचाराल तर, दीड वर्षाच्या मुलीचे कपडे रोज धुवायचे असलेल्या घराने मशीन स्वतःचे घ्यावे आणि घर पाहताना मशीनच्या जागेची पारख करावी. मशीन टेम्पोत घालून पुढच्या घरी नेता येते. नळ, सांडपाण्याची वाट आणि पाण्याचा दाब नेता येत नाही.

आता पॉइंटविषयी. हा शब्द एजंटांच्या तोंडी इतका सैल झाला आहे की भिंतीतून बाहेर आलेल्या कोणत्याही नळाला पॉइंट म्हटले जाते. खऱ्या पॉइंटमध्ये तीन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे मशीनची नळी घट्ट बसेल असा आट्यांचा स्वतंत्र नळ. भांडी घासण्याच्या सिंकचा नळ दोघांत वापरायचा असेल, तर मशीन चालू असताना भांडी थांबतात आणि नळी काढ-घाल करताना गळती सुरू होते. दुसरी गोष्ट सॉकेटची. पाणी तापवणाऱ्या फ्रंट लोड मशीनचा हीटर साधारण २ हजार वॉटचा असल्याने त्याला १६ अँपिअरचे मोठे सॉकेट लागते. हीटर नसलेल्या टॉप लोड मशीनला कमी वीज पुरते, पण अर्थिंग दोघांनाही हवेच. पेठांतील जुन्या इमारतींत तीन भोकांच्या सॉकेटमागे अर्थिंगची तार जोडलेलीच नसते, हे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. मशीनच्या पत्र्याला ओला हात लागून झिणझिण्या येणे हे त्याचे लक्षण. डिपॉझिट देण्यापूर्वी वायरमनला नेऊन दहा मिनिटांत तपासणी करून घ्यावी.

तिसरी गोष्ट सांडपाण्याची आणि येथे मी स्वतः फसलो आहे. धनकवडीत भाड्याने राहत असताना मी फ्रंट लोड मशीन घेतले आणि त्याची मागची नळी स्वयंपाकघराला लागून धुण्या-भांड्यांसाठी असलेल्या ड्राय बाल्कनीतल्या जाळीवर मोकळी सोडून दिली. मशीन तासभर पाणी घेत राही, पण धुणे काही सुरू होईना. दुरुस्तीवाला दोनदा आला आणि दुसऱ्या खेपेला पाणी घेण्याचा व्हॉल्व्ह बदलून पैसे घेऊन गेला. मशीन होते तसेच. अखेर आमच्या सोसायटीच्या प्लंबरने मागे वाकून पाहिले, जमिनीवर लोळणारी नळी उचलली आणि सुतळीने नळाला कमरेएवढ्या उंचीवर बांधून टाकली. त्यानंतर ते मशीन आठ वर्षे चालले. झाले होते असे की, नळीचे तोंड ड्रममधील पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असल्याने भरलेले पाणी आपसूक बाहेर ओढले जात होते. फ्रंट लोडमध्ये पाणी पंपाने वर चढवून बाहेर टाकले जाते, म्हणून नळीचे तोंड जमिनीपासून दोन ते तीन फुटांवर असावे लागते. आपल्याकडच्या बऱ्याच टॉप लोड आणि बहुतेक सेमी ऑटोमॅटिक मशिनांत मात्र पंप नसतो आणि पाणी उताराने जाते, त्यामुळे त्यांची नळी जमिनीलगतच ठेवावी लागते. म्हणजे भिंतीत वरच्या बाजूला निचऱ्याचे तोंड काढून ठेवलेल्या घरात सेमी ऑटोमॅटिक आणले की पाणी आतच साचून राहते. पॉइंट पाहताना ‘कोणत्या मशीनचा पॉइंट’ हे विचारायचे ते याचसाठी.

घर पाहायला जाताना एक मोजपट्टी न्यावी. बादली बहुधा रिकाम्या घरातही एखादी पडलेली असते. ती बादली भरून जाळीवर एकदम ओतावी. मशीन पाणी सोडते तेव्हा ते असेच एकदम येते. जाळीपाशी तळे साचून ते उंबऱ्याकडे सरकू लागले तर उतार उलटा आहे किंवा पाइप तुंबलेला आहे. मग नळ पूर्ण सोडून दहा लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते पाहावे. दीड मिनिटाच्या आत भरली तर सहसा काळजी नाही, हा माझा ठोकताळा आहे. सर्वांत वरच्या मजल्यावर ही परीक्षा चुकवू नये. पाण्याचा दाब टाकीच्या उंचीवर ठरतो आणि दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार एवढा तो मिळतो. गच्चीवरची टाकी नळापेक्षा दोन-अडीच मीटरच वर असेल, तर पाव बार दाबात बरीच स्वयंचलित मशिने पाणी भरतानाच अडून बसतात. खालच्या मजल्यांवर हाच प्रश्न येत नाही. वरच्या मजल्याचे घर हजार-दोन हजारांनी स्वस्त मिळत असेल आणि घरमालक प्रेशर पंप बसवून देत असतील तर ते अवश्य घ्यावे, पण पंप बसल्यावर.

मोजपट्टी कशासाठी, तर ड्राय बाल्कनीच्या दारासाठी. फ्रंट लोड मशिनाची रुंदी सर्वसाधारणपणे ६० सेंटिमीटर असते आणि स्वयंपाकघरातून ड्राय बाल्कनीत जाणारे दार अनेक इमारतींत चौकट वजा जाता दोन फुटांचेच उरते. दोन फूट म्हणजे ६१ सेंटिमीटर. ओळखीच्या एका कुटुंबाचे मशीन त्या एका सेंटिमीटरच्या भरवशावर घेतले गेले आणि शेवटी दाराची फळी बिजागऱ्यांसकट काढल्यावर आत गेले. ती फळी करार संपेपर्यंत पलंगाखाली होती.

यानंतर पाणी. पुणे महापालिकेचे पाणी मुख्यतः खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांतून येते. सह्याद्रीच्या पावसाचे ते पाणी मऊ असते आणि त्यात साबणाला भरपूर फेस येतो. बोअरचे पाणी मात्र खडकातून आलेले, क्षारांचे असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम असून दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतले जाते, आणि बोअर किंवा टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांत पाणी या दुसऱ्या टोकाकडे झुकलेले असू शकते. अशा पाण्यात पावडर जास्त लागते, टॉवेल पापडासारखे कडक होतात आणि हीटरवर क्षाराचा थर चढून तो जळतो. पाणी असे जड आहे का हे ओळखायला प्रयोगशाळा नको. न्हाणीघरातील नळाच्या तोंडाशी आणि फरशीच्या कडेला पांढरा खरपुडा धरला आहे का ते पाहावे. पाण्याच्या अर्ध्या बाटलीत साबणाचा चुरा टाकून हलवावी; फेस न होता वर पांढरट साय आली तर पाणी जड आहे. एजंट खिशातून टीडीएस मीटर काढून आकडा दाखवतात, पण तो विरघळलेल्या सर्व क्षारांचा एकत्रित अंदाज असतो. कठीणपणा त्यावरून नेमका कळत नाही.

पाण्याची खरी माहिती वॉचमनकडे असते. ‘एप्रिल-मेमध्ये दिवसाला किती टँकर येतात?’ आणि ‘पाणी किती ते किती सोडतात?’ हे दोन प्रश्न त्याला विचारावेत. सकाळी सात ते नऊ एवढेच पाणी असेल आणि आपण दोघे आठला घराबाहेर पडत असाल, तर आत साठवणीची टाकी नसलेल्या घरात मशीन रविवारपुरतेच राहील. महापालिकेच्या हद्दीत २०१७ साली ११ आणि २०२१ साली आणखी २३ गावे आली. धायरी, आंबेगाव, उंड्री ही पहिल्या खेपेची, तर नऱ्हे, बावधन बुद्रुक, सूस, म्हाळुंगे, वाघोली ही दुसऱ्या खेपेची. हद्द वाढली म्हणजे नळाला धरणाचे पाणी आले, असा अर्थ होत नाही. या भागांत भाडे कमी दिसते तेव्हा टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरला आहे की उन्हाळ्यात वेगळा मागणार आहेत, हे आधीच विचारून घ्यावे.

मशीन कोणते घ्यावे हे आपण विचारलेले नाही, तरी घराशी संबंध आहे म्हणून थोडक्यात सांगतो. पाणी जड आणि दाब कमी असेल तर हीटर नसलेले टॉप लोड बरे. पाणी मऊ आहे पण मोजून मिळते, अशा घरात कमी पाणी वापरणारे फ्रंट लोड बरे. बाळाचे कपडे गरम पाण्यात धुण्याचा आग्रह असेल तर एवढे लक्षात असावे की १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.६ युनिट वीज लागते आणि ४० अंशांवर भागवले तर त्याच्या निम्म्याहून कमी. महिन्याचा वापर महावितरणच्या १०० युनिटांच्या टप्प्याच्या आसपास असणाऱ्या घराला हा फरक बिलात दिसतो.

वाळवण्याची जागा हा प्रश्न लोक जूनपर्यंत विसरतात. पुण्यात पावसाळी वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे त्या बाजूच्या उघड्या गॅलरीत जुलै-ऑगस्टमध्ये कपडे वाळण्याऐवजी पुन्हा धुतले जातात. पूर्वेची किंवा उत्तरेची, वर छप्पर असलेली ड्राय बाल्कनी या दोन महिन्यांत उपयोगी पडते. छताला कप्पीच्या दांड्या लावू देणार का, हे घरमालकांना विचारावे, कारण त्यासाठी स्लॅबला भोके पाडावी लागतात. अनेक सोसायट्यांत दर्शनी गॅलरीत कपडे वाळत घालायला बंदी असते आणि तशी पाटी लिफ्टशेजारी लावलेली असते. पुण्यात पाट्या वाचल्याशिवाय घर पक्के करू नये, असे मी गमतीने म्हणत नाही.

आता भाग. एकाला डेक्कन आणि दुसऱ्याला हिंजवडी गाठायची असेल तर कोथरूडचा वनाजकडचा भाग, कर्वेनगर आणि वारजे येथून शोध सुरू करावा. वनाजहून डेक्कनला मेट्रो आहे. वारज्याहून महामार्गाने चांदणी चौकातून हिंजवडीकडे जाता येते. २२ हजारांत लिफ्ट आणि क्लब हाउस असलेल्या नव्या संकुलाच्या मागे लागू नये. या भागांत साधारण तीस वर्षांपूर्वी बांधलेल्या तीन-चार मजली, बिनलिफ्टच्या इमारती भरपूर आहेत. त्यांना महापालिकेचे जुने नळजोड असतात आणि गॅलऱ्या आजच्या ड्राय बाल्कन्यांपेक्षा ऐसपैस असतात. त्यातला पहिला किंवा दुसरा मजला आपल्याला सोयीचा होईल, दाबाच्या दृष्टीने आणि जिन्याच्या दृष्टीनेही. अशी घरे ॲपवर कमी आणि फाटकावरच्या ‘भाड्याने देणे आहे, फक्त कुटुंबासाठी’ या पाटीवर जास्त सापडतात. दोन रविवार सकाळी पायी फिरावे. पाटीवरून थेट घरमालक भेटले तर एका महिन्याच्या भाड्याएवढी दलाली वाचते आणि तेवढ्यात मशीन निघते.

वेळेचाही फायदा घेता येतो. जून-जुलैमध्ये शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी येणाऱ्यांची गर्दी असते. पितृपक्षात मात्र नव्या घरात पाऊल टाकायला बहुतेक लोक तयार नसतात आणि त्या पंधरवड्यात रिकामे घर घेऊन बसलेले मालक हजार-पाचशेसाठी अडून बसत नाहीत, असा माझा अनुभव आहे. आपल्याला चालत असेल तर बोलणी त्या दिवसांत करून राहायला नवरात्रात जावे.

घर ठरले की लीव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृतच करावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असणे सक्तीचे असून ती जबाबदारी घरमालकांवर आहे. खर्चाचा बाऊ केला जातो, म्हणून आकडा सांगतो. २२ हजारांप्रमाणे ११ महिन्यांचे भाडे २ लाख ४२ हजार होते. परत मिळणाऱ्या ६० हजार डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी ११ महिन्यांचे धरलेले व्याज साडेपाच हजार. एकूण २ लाख ४७ हजार ५०० वर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे सहाशेच्या थोडे वर, आणि महापालिका हद्दीतील नोंदणी फी १ हजार रुपये. यापलीकडे एजंट मागतो ते घरी येऊन अंगठे-फोटो घेण्याचे आणि कागद करण्याचे पैसे असतात; ते किती द्यायचे यावर घासाघीस करायला हरकत नाही.

करारात नळ, सॉकेट आणि निचरा यांचा उल्लेख करून घ्यावा आणि पुढील अर्थाचे एक वाक्य घालावे : भाडेकरूने स्वतःचे मशीन आणले असून करार संपल्यावर ते त्याने न्यावे, त्यासाठी घरमालकांच्या संमतीने केलेली नळजोडणी काढण्याची सक्ती त्याच्यावर नाही. हे न लिहिल्यामुळे भिंत पूर्ववत करून देण्याचे पैसे कापले गेलेले मी पाहिले आहेत.

प्रश्न : बिबवेवाडीत माझी एक जुनी वन बीएचके सदनिका आहे. इमारतीला ड्राय बाल्कनी नाही, फक्त स्वयंपाकघरामागे गॅलरी आहे. येणारा प्रत्येक भाडेकरू मशीनबद्दल विचारतो आणि निघून जातो. मी मशीन विकत घेऊन ठेवावे आणि भाडे वाढवावे का?
— एक ज्येष्ठ वाचक, सहकारनगर

उत्तर : मशीन ठेवू नये, त्याची सोय करून द्यावी. मशीन ठेवलेत की त्याच्या दुरुस्तीचे मालकही आपणच राहता आणि भाडेकरूचे स्वतःचे मशीन असेल तर आपले गॅलरीत गंजत पडते. सोय करण्याचे काम प्लंबर आणि वायरमन मिळून एक-दोन दिवसांत करतात, पण दोन गोष्टींकडे आपण स्वतः उभे राहून लक्ष द्यावे. जुन्या गॅलऱ्या मोरीसारख्या वापरासाठी बांधलेल्या नसतात. त्यांच्या फरशीखाली वॉटरप्रूफिंग नसते. तेथे रोज साबणाचे पाणी पडू लागले की वर्षभरात खालच्या बिऱ्हाडाच्या छताला ओल येते आणि ते भांडण भाडेकरूकडे न जाता आपल्याकडे येते. दुसरे, गॅलरीतील जाळी बहुधा पावसाच्या पाण्याच्या पाइपला जोडलेली असते. मशीनचे पाणी त्यात सोडले तर फेस खालच्या वाहनतळात उतरतो. म्हणून निचऱ्याची नळी भिंतीतून स्वयंपाकघराच्या किंवा न्हाणीघराच्या सांडपाण्याच्या पाइपला नेऊन जोडावी आणि बाहेरच्या पाइपला हात लावायचा असेल तर सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी.

गॅलरीऐवजी न्हाणीघरात जागा करण्याचा सल्ला आपल्याला कोणी देईल. जागा पुरत असेल तरी सॉकेट न्हाणीघराच्या बाहेर, दाराशेजारी घ्यावे आणि वीजजोडणीवर गळती होताच प्रवाह तोडणारा आरसीसीबी बसवावा. एवढे केल्यावर भाडे किती वाढेल यापेक्षा घर किती महिने रिकामे राहणार नाही, हे मोजावे. आपल्या पत्रावरून आपले नुकसान तेथेच होत आहे असे दिसते.

प्रश्न : खराडीत १९ हजार भाड्याने राहतो. घरासोबत घरमालकांचे मशीन मिळाले होते. पुढच्या महिन्यात करार संपतो. मशीनचा हीटर जळला आणि ड्रमला गंज आला म्हणून डिपॉझिटमधून ९ हजार रुपये कापणार असे ते म्हणतात. मशीन आले तेव्हाच जुने होते. मित्र म्हणतात, शेवटी एक महिना भाडे न देता जास्त राहा म्हणजे हिशेब फिटेल. काय करावे?
— एक वाचक, खराडी

उत्तर : मित्रांचे ऐकू नये. कराराची मुदत संपल्यावर परवानाधारक, म्हणजे लीव्ह अँड लायसन्सवर राहणारा भाडेकरू, जागा सोडत नसेल, तर १९९९ च्या त्याच अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे त्याला भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. ९ हजार वाचवायला गेलेला माणूस महिन्याला ३८ हजारांचा देणेकरी होतो.

करारासोबतच्या यादीत मशीनची स्थिती काय लिहिली आहे ते आधी पाहावे. ‘चालू स्थितीत’ एवढेच असेल तरी मशीनच्या मागे चिकटवलेल्या पट्टीवर त्याचा अनुक्रमांक आणि बऱ्याचदा निर्मितीचे वर्ष असते. त्याचा फोटो काढून ठेवावा. कंपनीच्या सेवा केंद्रातून माणूस बोलावून बिघाडाचे कारण आणि दुरुस्तीचा अंदाज लेखी घ्यावा. हीटर क्षाराच्या थराने जळला असेल तर ती वापरातली झीज आहे आणि ती, माझ्या मते, घरमालकांनी सोसायची आहे. आपण मशीनमध्ये चादरी कोंबून ड्रमचे बेअरिंग घालवले असेल तर गोष्ट वेगळी. जुन्या मशीनच्या दुरुस्तीला नव्या मशीनच्या निम्मे पैसे मागितले जात असतील, तर तो कागद समोर ठेवून बोलणे सोपे जाते आणि बहुतेक घरमालक मध्यावर येतात. ते आले नाहीत तर डिपॉझिटमधून काय आणि का कापले हे त्यांच्याकडून व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घ्यावे, म्हणजे पुढे वकिलाची नोटीस पाठवायची झाल्यास काहीतरी हाताशी राहील. घर मात्र करारातल्या तारखेलाच मोकळे करावे, विजेच्या मीटरचा आणि मशीनचा फोटो काढावा आणि चावी दिल्याची पोच सहीनिशी घ्यावी.